नको म्हणायला नेलेलं माणूस

सोयाबीनची पानं पिवळी पडून गळायला लागली, की माझ्या लॅपटॉपवर बर्फाचे दिवस सुरू होतात.

यंदाही तसंच झालं. खिडकीतून दिसणारं गोदाकाकूंचं रान दोन-चार कडक उन्हांत पिवळ्याचं तपकिरी झालं. दुपारी वारा सुटला की वाळलेल्या शेंगा खुळखुळतात. गल्लीतली माणसं एकमेकांशी बोलताना आभाळाकडे बघतात, कारण काढणीच्या तोंडावर ढगाचा भरवसा नसतो. आणि नेमक्या ह्याच दिवसांत पृथ्वीच्या पाठीमागच्या बाजूला, अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखात, माणसं शेडचं दार उघडतात, बर्फावर चालणाऱ्या गाडीवरचं कापड ओढून काढतात आणि मला विचारतात, "रे, यंदा टर्बो कोणता बसवू?"

रे म्हणजे मी. माझं नाव रेणुका. पण ज्या दुकानासाठी मी घरबसल्या काम करते, त्यांना ते लांब वाटलं. त्यांनी पहिलं अक्षर ठेवलं आणि बाकीचं कापून टाकलं. तिकडे 'रे' हे पुरुषाचं नाव असतं, आणि बहुधा वयस्कर पुरुषाचं. त्यामुळे गिऱ्हाइकं मला 'दोस्ता' म्हणतात, 'म्हाताऱ्या' म्हणतात, गुडघे कसे आहेत म्हणून विचारतात. मी कधी दुरुस्त केलं नाही. मला तो रे आवडायचा. त्याला पांढरी दाढी होती, त्याने पुष्कळ हिवाळे पाहिले होते आणि त्याच्या मागे मी अगदी आरामात बसू शकत होते.

खरा बर्फ मी पाहिलेला नाही. गोरेगावात बर्फ म्हणजे रसवंतीवाला गोणपाटात गुंडाळून आणतो तो. पण बर्फगाडीच्या टर्बोबद्दल मला बरंच माहीत आहे, कारण ते शिकल्याशिवाय नोकरी मिळाली नसती. उंच डोंगरावर हवा विरळ होते. माणसाला लागतो तसाच इंजिनालाही दम लागतो. टर्बो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो, की गाडी पुन्हा तरतरीत. कंपनीने दिलेल्या गाडीला हा टर्बो बाहेरून आणून बसवायचा: सोबत नळ्या, हवा थंड करणारी जाळी आणि पेट्रोलचं प्रमाण बदलणारी एक छोटी पेटी. छोटा टर्बो पंपावरच्या साध्या पेट्रोलवर चालतो आणि अंगठ्याने वेगाचा खटका दाबला की लगेच जोर देतो. मोठ्याचा स्वभाव वेगळा. त्याला शर्यतीचं महाग पेट्रोल लागतं, आणि दाबल्यावर आधी काहीच होत नाही, मग सगळं एकदम होतं. मोकळ्या उतारावर त्यात मजा असेल. झाडीत नसते.

तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची सकाळ. त्यांची जेवणं झालेली असतात आणि माझी अंघोळ व्हायची असते. मी खिडकीशी बसून टाइप करते, पाणी तापवायच्या चुलीचा धूर आत येतो, आणि रे गुडघे बरे आहेत म्हणून कळवतो.

माझ्या वडिलांना, अण्णांना, हे काम समजावून सांगायला मला एक अख्खी सकाळ लागली होती. अण्णा जीप चालवतात, गोरेगाव ते सेनगाव, सणावाराला हिंगोली. जगातल्या कुठल्याही वाहनाबद्दल ते ठरलेले प्रश्न विचारतात.

"चाकं किती?"

"चाकं नसतात अण्णा. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा. रणगाड्यासारखा."

"मंग पंक्चर न्हाई." तिथेच त्यांना गाडी आवडली. "शिटा किती?"

"एक."

"एक?" आवडलेली गाडी परत गेली. "अन् जाती कुठं?"

"डोंगरावर."

"डोंगरावर काय हाय? देवस्थान?"

"काही नाही. बर्फ."

"मंग?"

"मग खाली येतात."

अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला सांगितलं, "ऐकलं का? रिकामंच वर जायाचं, रिकामंच खाली यायाचं. अन् त्याच्यात पुन्हा टर्बो."

आईने आतून विचारलं, "पेट्रोल कोण भरून राहिलं त्यांचं?"



मी हिंगोलीच्या इंग्रजी शाळेत शिकले. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे आणि घरी इंग्रजी बोललं की पाव्हणेरावळे हसायचे. दोन्हीकडे गप्प बसणं सोयीचं पडलं, आणि पुढे त्याचीच सवय झाली. मला बोलता येत नाही असं नाही. दुसऱ्याला ऐकू जाईल असं मला बोलता येत नाही. दुकानात मी वस्तूकडे बोट दाखवते. फोन वाजला तर तो उचलण्याऐवजी मी त्याच्याकडे बघत बसते, तो दमेपर्यंत. आई म्हणते, "ही लहानपणी रडायची बी हळू." टाइप करून बोलायची नोकरी मिळाली तेव्हा मला वाटलं, ही जागा कोणीतरी माझं माप घेऊन शिवली आहे.

म्हणून गेल्या वर्षीचा सोयाबीनचा हंगाम मी विसरणार नाही. त्या हंगामाच्या सुरुवातीलाच ट्रेसीचा निरोप आला. ट्रेसी म्हणजे तिकडची माझी वरिष्ठ. तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक हसरा चेहरा असतो. तिने लिहिलं होतं: ह्या हंगामात ज्यांची विक्री कमी होईल, त्यांना बर्फ पडल्यावर फोनवर बसवलं जाईल. हसरा चेहरा.

बाकीच्यांना त्यात भिण्यासारखं काही दिसलं नसेल. मी मात्र उठून खिडकी लावून घेतली.

*

आता अण्णांचा दुसरा धंदा सांगायला हवा, ज्याला धंदा म्हणता येत नाही.

आमच्याकडे जुना ट्रॅक्टर किंवा जीप घ्यायची तर माणूस एकटा बघायला जात नाही. विकणारा बहुतेक वेळा नात्यातलाच असतो: साडू, मामेभाऊ, व्याही. आपल्या माणसाच्या तोंडावर त्याच्या वस्तूला नाव ठेवता येत नाही. म्हणून सोबत तिसरं माणूस न्यायचं, जे नको म्हणेल. आमच्या भागात अशी दोन-तीनच माणसं आहेत आणि त्यातले एक अण्णा. त्यांना इंजिनातलं फार कळतं अशातला भाग नाही. इंजिन कळणारे मिस्त्री गोरेगावात ढिगाने आहेत. पण मिस्त्री खरं सांगतात, आणि खऱ्यावर वाद होतो.

लहानपणी एकदा सुट्टीत मी त्यांच्याबरोबर वारंगा फाट्याला गेले होते. गोदाकाकूंचे यजमान बापूराव त्यांच्या साडूचा ट्रॅक्टर बघायला निघाले होते आणि मला फाट्यावरची भजी खायची होती. साडूने ट्रॅक्टर धुऊन, कुंकू लावून उभा केला होता. अण्णा त्याच्याभोवती सावकाश फिरले. चाकाला पायाने ढोसलं. मग चालू करायला सांगितला आणि डोळे मिटून, मान तिरपी करून उभे राहिले. सगळे श्वास धरून. मला वाटलं, अण्णांना त्या धडधडीत काहीतरी ऐकू येतंय जे आम्हा कुणालाच येत नाही. पुढे मोठी झाल्यावर मी त्यांना विचारलं, तेव्हा काय ऐकत होता म्हणून.

"काय न्हाई माय," ते म्हणाले. "चहाची वाट बघत हुतो."

कारण चहाच्या आधी नको म्हणायचं नसतं. तो अपमान होतो. चहा आला, पावसापाण्याचं झालं, कुणाच्या पोरीचं लग्न कुठे जमलं ते झालं. कप खाली ठेवून अण्णा म्हणाले, "नको."

बापूरावांचा चेहरा एवढासा झाला. "मला तर लई पसंत हुता," ते साडूला म्हणाले. "पण अण्णा नको म्हणतेत. आता काय करावं?"

साडूने अण्णांकडे असं पाहिलं की मी हातातलं भजं खाली ठेवलं. बापूरावांवर तो मुळीच रागावला नाही. उलट त्यांची समजूत काढायला लागला. आणि परतीच्या वाटेवर बापूराव जीपमध्ये चक्क गुणगुणत होते.

"बापूकाकांना ट्रॅक्टर नकोच होता का?" मी घरी आल्यावर अण्णांना विचारलं.

"ज्याला घ्यायचं असतंय तो घेऊन येतोय. मला कशाला नेईल?"

ह्या कामाचा मोबदला म्हणजे एक चहा. आणि नाराजी. गावोगाव अण्णांच्या एका शब्दाने दुखावलेली माणसं आहेत. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या ताटापर्यंत जिलेबी येता येता संपते. अण्णा तक्रार करत नाहीत. आई करते, कारण त्यांच्या शेजारी ती बसलेली असते.

*

तर गेल्या वर्षी, ट्रेसीच्या निरोपानंतर, वेन आला.

त्याचा पहिला प्रश्न होता, "तुमच्याकडचा सगळ्यात मोठा टर्बो कोणता?" आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत चाललं होतं, पण मला ते मराठीतच आठवतं. मी विचारलं, किती उंचावर फिरता, मोकळ्या उतारावर की झाडीत, पेट्रोल कुठलं मिळतं. त्याने सांगितलं: झाडीत. दाट पाइनच्या. पेट्रोल गावातल्या पंपावरचं. गाडी चांगली आहे, तक्रार काहीच नाही.

"मग मोठा टर्बो कशासाठी?" रेने विचारलं.

 उत्तर आलं, "माझ्या मेव्हण्याने बसवलाय."

वेन रोज यायचा. मोठा टर्बो खरेदीच्या टोपलीत टाकायचा आणि पैसे न भरता निघून जायचा. दुसऱ्या दिवशी टोपली पुन्हा भरलेली. मधल्या वेळात त्याने मला त्याच्या कुत्र्याबद्दल सांगितलं, गराजच्या गळक्या छताबद्दल सांगितलं, दंतवैद्यकी शिकणाऱ्या मुलीबद्दल सांगितलं. मेव्हणा दर रविवारी जेवायला यायचा आणि सूप येण्याच्या आधीपासून टर्बोबद्दल बोलायचा. ट्रेसीने विचारलं, ह्या एका गिऱ्हाइकाशी एवढं लांबलचक काय चाललंय? हसरा चेहरा. मी तिला काय सांगणार होते? चहा चाललाय?

कारण तोवर मला कळलं होतं. ज्याला घ्यायचं असतं तो घेऊन मोकळा होतो. हा माणूस रोज संध्याकाळी येऊन, भरलेली टोपली माझ्यासमोर ठेवून, खालमानेने उभा राहत होता. मी ही मान ओळखत होते. वारंगा फाट्यावर बापूरावांची होती.

एका सकाळी मी लिहिलं: "वेन, हा टर्बो तुम्हाला नको."

त्याने लगेच लिहिलं, "थँक यू, रे." आणि टोपली रिकामी केली. विक्री गेली हे मला दिसत होतं, तरी मी स्वतःवर खूश होऊन दोनदा चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. मेव्हणा म्हणतो, चॅटवाल्यांना काही कळत नाही. त्यांनी उभ्या जन्मात बर्फगाडी पाहिलेली नसते. (मेव्हण्याच्या बुद्धीबद्दल माझं मत त्या दिवशी थोडं सुधारलं.) तो गुरुवारी येणार आहे आणि समोर बसून वेनला ऑर्डर द्यायला लावणार आहे. "रे, तू फोन करशील का? मी स्पीकरवर ठेवतो. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्याचं तोंड बंद होईल."

मी लॅपटॉप बंद केला. मग उघडला. मग पुन्हा बंद केला.

हिशोब अगदी सरळ होता आणि म्हणूनच भयंकर होता. मी काहीही केलं नाही, नुसती गप्प बसले, जे मला सगळ्यात चांगलं येतं, तर वेन गुरुवारी मोठा टर्बो घेणार. ती विक्री माझ्या नावावर लागणार. फोनवर बसायचं टळणार. आणि कधीतरी हिवाळ्यात दाट पाइनच्या झाडीत वेन अंगठ्याने खटका दाबणार, आधी काहीच होणार नाही, मग सगळं एकदम होणार.

मी हे जेवताना घरी सांगितलं. 

"ह्याची बायको काय म्हणती?" आईने विचारलं.

"ती काही म्हणत नसावी."

"मेव्हणा म्हंजे तिचा भाऊ ना? मंग कशाला म्हणंल. तिच्या जागी मी असते तर मी बी भांडे घासायला उठून गेले असते."

"मेव्हणे तिकडं बी हायेत म्हणायचं," अण्णा म्हणाले, जरा समाधानाने. आईचे भाऊ तीन आहेत. मग त्यांनी विचारलं, "झाडीतून चालवतो म्हणली?"

"हो."

"पोरगी हाय म्हणली?"

"हो."

"मंग इचारून काहून राहिली?"

"अण्णा, मला फोनवर बोलावं लागेल."

 घरात सगळ्यांनाच माहीत होतं, की ह्यात टर्बोचा भाग सोपा होता, फोनचा अवघड. शेवटी हात धुऊन येता येता ते म्हणाले, "एक ध्यानात ठेव. नको एकदाच म्हणायचं. अन् कारण सांगायचं न्हाई. कारण सांगितलं की लोक त्या कारणाला धरतेत."

*

सोयाबीन मळण्याचा म्हणून एक वास असतो. कोरडा, कडवट, नाकात बसणारा. मळणीचं भुसकट दारं-खिडक्या लावल्या तरी येतं. ते वाळत घातलेल्या कपड्यांत येतं, दह्यात येतं, की-बोर्डच्या फटींत येतं. अजूनही मी एखादी कळ जोरात दाबली तर गेल्या वर्षीचा एखादा कण वर येतो. आमच्याकडे मळणीयंत्राला हडंबा म्हणतात आणि ते नाव त्याला शोभतं. ट्रॅक्टरला जोडलेला तो लोखंडी राक्षस एकदा सुरू झाला की गल्लीत माणसं हातवाऱ्यांनी बोलतात. माझ्यासारखीला तो आठवडा विश्रांतीचा वाटतो. कुणीच कुणाला ऐकू येत नाही, तेव्हा मी चारचौघींसारखीच असते.

तिकडची गुरुवारची संध्याकाळ म्हणजे आमची शुक्रवारची सकाळ. त्या दिवशी गोदाकाकूंच्या रानात भाड्याचा हडंबा येईल हे मला ठाऊक होतं, पण सकाळी सकाळी येईल हे नव्हतं.

मी खिडकी लावली. पंख्याखाली बसले. हेडफोन घातला. आईने दारातून पाण्याचा तांब्या आत सरकवला आणि जणू आत परीक्षा चालू आहे अशी चवड्यांवर निघून गेली. मी दुकानाच्या यंत्रणेतून वेनचा नंबर लावला, आणि पलीकडे घंटी वाजायला लागली तेव्हाच भिंतीपलीकडे हडंबा सुरू झाला.

"रे?" वेनचा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा म्हातारा होता.

"हो," मी म्हटलं.

"रेला बोलाव बेटा."

"मीच रे."

 माझ्या डोळ्यांसमोर एक पांढरी दाढी हळूहळू विरघळली. मग दुसरा एक जाड आवाज खो खो हसला. मेव्हणा.

"ही? ही तुला सल्ला देते?" तो म्हणाला. "आणि तो मागे कसला आवाज आहे?"

"हडंबा," मी घाबरून मराठीतच म्हणाले. मग ओरडून सांगितलं, "मळणीयंत्र! सोयाबीनचं!"

"सोयाबीन?" जाड आवाज बदलला. "माझ्या बापाची सोयाबीनची शेती होती. कशावर चालवता?"

"ट्रॅक्टरवर!"

"किती ताकदीचा?"

मला माहीत नव्हतं. मी खिडकी उघडली, आणि बाहेर अण्णा उभे होते, अगदी योगायोगाने, खिडकीला कान लावून. मी विचारलं, त्यांनी बोटांनी सांगितलं, मी ओरडून पोचवलं. मेव्हण्याने विचारलं, शेंगा ओल्या असल्या तर अडकत नाही का? अण्णांनी सांगितलं, अडकतो ना, लई तकलीफ देतो. मेव्हणा म्हणाला, त्याच्या बापाचाही अडकायचा. अण्णांनी विचारलं, तिकडं भुसकटाचं काय करतेत? त्याने सांगितलं, रानातच पसरून देतात. अण्णांना ते पटलं नाही, "मंग जनावरं काय खातेत?" ते मी पोचवलं. ह्या सगळ्यात वेनही नव्हता आणि टर्बोही नव्हता, आणि मी किती वेळ ओरडून बोलते आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग हडंब्यात काहीतरी अडकलं आणि तो खडखडत बंद पडला.

"असो," मेव्हणा त्या शांततेत म्हणाला. "तर मुली, वेनने मोठा टर्बो घ्यावा ना?"

"नो," मी म्हटलं.

हडंब्याशी स्पर्धा करायला लावलेला आवाज होता तो. खाली आणायला वेळच मिळाला नाही. गोदाकाकूंच्या रानातली माणसं वळून बघायला लागली.

"का नाही?" मेव्हण्याने विचारलं.

आणि मी गप्प बसले. अण्णांनी सांगितलं होतं म्हणून थोडं, आणि खरं म्हणजे सगळा आवाज एका शब्दात खर्च झाला होता म्हणून जास्त. मेव्हणा बोलत राहिला. टर्बो किती भारी आहे, वेन किती भित्रा आहे, चढावर कसा मागे पडतो. मी गप्प. तो म्हणाला, तुझं काही कारण असेल तर सांग. मी गप्प. लहानपणापासून ज्या एका गोष्टीत माझा हात कुणी धरू शकलं नाही, ती गोष्ट पहिल्यांदाच कामाला येत होती. शेवटी त्याची वाक्यं तोकडी व्हायला लागली. मग नुसते उसासे आले.

मग वेनचा आवाज आला, अतिशय दुःखी. "मला तर फार पसंत होता," तो मेव्हण्याला म्हणाला. "पण रे नको म्हणतेय. आता काय करणार?"

मी हेडफोन काढला आणि खिडकीतून अण्णांना हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. अण्णा खाली उकिडवे बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

*

वेनने शेवटी एक जादा रबरी पट्टा आणि लोकरीचे मोजे घेतले. मोज्यांवर हंगाम निघत नाही. बर्फ पडला आणि ट्रेसीने मला फोनवर बसवलं. हसरा चेहरा.

पहिले काही दिवस प्रत्येक घंटीला मी आधी खिडकी लावून घ्यायचे. मग हळूहळू कळलं, की फोन करणाऱ्यांना बहुतेक वेळा स्वतःच बोलायचं असतं. मी ऐकते. मधूनमधून 'हं' म्हणते. अजून मला ते आवडत नाही. पण खिडकी मी आता लावून घेत नाही.

हे सगळं इथेच संपलं असतं. पण आमच्या गल्लीत त्या दिवशीचा 'नो' पुष्कळ जणांनी ऐकला होता, आणि एक वर्ष तो कुणीतरी मनात जपून ठेवला होता. परवा गोदाकाकू आल्या. पदराने तोंडावरचं भुसकट पुसत माझ्या खिडकीसमोर उभ्या राहिल्या.

"रेणू, उद्या माझ्यासंगं सेनगावला चल."

"काय काम आहे काकू?"

"जावई मागं लागलेत. त्यांचा जुना हडंबा आमीच घ्यावा म्हणतेत. घरातल्या घरात ऱ्हाईल म्हणे. आता जावयाला नको कसं म्हणू मी?"

"अण्णांना घेऊन जा ना."

"अण्णाचं तोंड दिसलं की लोकं आधीच चिडून बसतेत. त्यायचं 'नको' आता समद्यांला पाठ झालंय. तुझं नवं हाय."

"पण काकू, मला हडंब्यातलं काही कळत नाही."

"तुला कळावं म्हणून कोण नेऊन राहिलं?"

मी आईकडे पाहिलं. आई भांडी घासायला उठून गेली.

तर काल आम्ही अण्णांच्याच जीपने गेलो. काकूंनी अण्णांना जावयाच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबवलं. "तुमी उतरू नका. दिसले तर समजंल त्यांला." अण्णा बिचारे गाडीतच बसले आणि स्वच्छ काच पुसायला लागले.

जावई तोंडाने गोड माणूस. अंगणात हडंबा धुऊन ठेवला होता. मी त्याच्याभोवती फिरले. पायाने ढोसायचं धाडस झालं नाही, म्हणून नुसतं वाकून चाकाकडे पाहिलं. त्यांनी तो चालू करून दाखवला. मी डोळे मिटून, मान तिरपी करून चहाची वाट बघितली. काकूंच्या लेकीने चहा आणला आणि माझ्या हातात कप देताना अशी एक नजर टाकली, की मला कळलं, काकूंना हडंबा नको आहे हे तिलाही ठाऊक होतं, आणि तिलाही बोलता येत नव्हतं. सेनगावच्या पाण्याचं बोलणं झालं. कुणाचं लग्न कुठे जमलं ते झालं. जावई म्हणाले, तुम्ही अमेरिकेच्या यंत्रांचं काम करता म्हणे. काकू माझ्या इंग्रजी 'नो'ची वाट बघत होत्या, हे मला बाजूने जाणवत होतं.

कप खाली ठेवला.

"नको," मी म्हटलं.

मराठीत. इथे मध्ये ना तार होती, ना दाढीवाला रे. समोरच्या माणसाच्या कपाळावरची शीर मला दिसत होती.

"काहून?" जावयांनी विचारलं.

मी कपाकडे पाहत राहिले. काकूंनी एवढा मोठा सुस्कारा सोडला, की अंगणातली कोंबडी उठून गेली.

परतताना त्या जीपमध्ये मागे बसून अण्णांना सगळं सांगत होत्या, हातवारे करून. अण्णांनी आरशातून विचारलं, "चिडला का?"

"लई," काकू म्हणाल्या. "पोरीकडं असं पाहिलं की बस्स."

मी बाहेर बघत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या सोयाबीनच्या सुड्या रचलेल्या, त्यांवर ताडपत्र्या, त्यांवर दगड. माझ्याबद्दल जगात कुणाचंही काहीच मत असू नये, अशी काळजी घेत मी लहानाची मोठी झाले. आता सेनगावात एक माणूस माझ्यावर मनापासून नाराज आहे. मी स्वतःला चाचपून पाहिलं, कुठे दुखतंय का. कुठेच दुखत नव्हतं. भूक मात्र कडकडून लागली होती.

वाटेतल्या एका फाट्यावर अण्णांनी जीप थांबवली. मी आधी उतरले आणि कढईपाशी उभ्या माणसाला, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, तिघांची भजी सांगितली. आणि मिरच्या वेगळ्या तळून मागितल्या.